बार्नेफेल्डजवळची जागा आणि नातुरा २००० : इसार देण्याआधी एवढं तपासा

नमस्कार.

तुम्ही लिहिलंय की नाशिकचा दुधाचा व्यवसाय भावाकडे सोपवून तुम्ही आणि वहिनी नेदरलँड्सला यायच्या तयारीत आहात. बार्नेफेल्डजवळ एक बंद पडलेला गोठा, शेजारचं घर आणि थोडी जमीन पसंत पडली आहे. तिथे विकतच्या दुधापासून पनीर-श्रीखंड बनवायचं आणि पाहुण्यांसाठी चार खोल्या काढायच्या, असा बेत आहे. दलाल सांगतोय, ‘जागा नातुरा २००० या संरक्षित निसर्गक्षेत्राच्या हद्दीपासून तीन किलोमीटर बाहेर आहे. शिवाय आधी इथे गाई होत्या, तुमचं नायट्रोजनचं उत्सर्जन त्यापेक्षा कमीच होणार, तेव्हा काळजी नको.’ हे खरं आहे का, आणि नसेल तर जर्मनी सोपं पडेल का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

दलालाचं पहिलं म्हणणं खरं असलं तरी त्याचा काही उपयोग नाही. दुसरं डिसेंबर २०२४ पर्यंत बऱ्याच अंशी खरं होतं, आता राहिलेलं नाही. तेव्हा तूर्त इसार देऊ नका. मी गेल्डरलँड प्रांतातच राहतो आणि उद्योगांच्या परवान्यांच्या फायली तयार करणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आपल्याकडे महाबळेश्वर-पाचगणी किंवा माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झालं, तेव्हा लोकांचा पहिला प्रश्न होता की आमचा गट नंबर रेषेच्या आत येतो की बाहेर. इथे येताना तीच सवय सोबत येते, आणि नेमकी तीच इथे नडते. नातुरा २००० हे युरोपीय संघाचं संरक्षित क्षेत्रांचं जाळं आहे. १९७९चा पक्ष्यांविषयीचा आणि १९९२चा अधिवासांविषयीचा, अशा दोन निर्देशांवर ते उभं आहे, आणि संघाची सुमारे १८ टक्के जमीन त्यात येते. या क्षेत्रांत माणसं राहतात, मेंढ्या चरतात, शेती चालते. आत असणं म्हणजे सरसकट बंदी नाही, आणि बाहेर असणं म्हणजे मोकळीकही नाही. अधिवास निर्देशाचं सहावं कलम विचारतं ते एवढंच : तुमच्या प्रकल्पाचा, एकट्याचा किंवा इतर प्रकल्पांसोबत मिळून, त्या क्षेत्रावर लक्षणीय परिणाम होऊ शकतो का? होऊ शकत असेल, तर आधी तपासणी, आणि क्षेत्राला बाधा येणार नाही याची खात्री पटली तरच परवाना, म्हणजे ‘निसर्ग-परवाना’.

ही खात्री किती पक्की लागते, ते २००४ साली वाडेन समुद्रातल्या शिंपल्यांच्या मासेमारीच्या खटल्यात ठरलं. शास्त्रीय दृष्ट्या वाजवी शंका उरता कामा नये, असं युरोपीय न्यायालयाने सांगितलं. म्हणजे नुकसान होईल हे सरकारने दाखवायचं नसून, होणार नाही हे तुम्ही दाखवायचं आहे. हा मुद्दा डोक्यात पक्का बसला की पुढचं सगळं कळतं.

आता तुमची जागा. बार्नेफेल्डच्या पूर्वेला फेल्युवे हे या देशाच्या जमिनीवरचं सर्वांत मोठं नातुरा २००० क्षेत्र आहे, सुमारे ९०,००० हेक्टरचं. पश्चिमेकडचं खोरं म्हणजे कोंबड्या, डुकरं आणि गाईंचा पट्टा. गोठ्यातला अमोनिया आणि धुरांड्यातले, इंजिनांतले नायट्रोजन ऑक्साइड हवेतून जाऊन या रेताड, मुळातच नि:सत्त्व जमिनीवर पडतात. शेतात युरियाचा हात सैल सुटला की तण माजतं, तसं इथे होतं : बोडक्या माळावरच्या हीदरच्या झुडपांना गवत झाकून टाकतं. एडेजवळच्या खिंकेल माळावर ऑगस्टमध्ये एकदा जाऊन या. जिथे हीदर टिकून आहे तिथे सगळा माळ जांभळा दिसतो, आणि मध्येच गवताचे फिकट पट्टे लागतात. नायट्रोजनचं काम त्या पट्ट्यांत उघड्या डोळ्यांनी दिसतं. न दिसणारा भाग त्याहून वाईट आहे. माती आंबट होते, तिच्यातलं कॅल्शियम धुऊन जातं, गोगलगाई कमी होतात. मग गोगलगाईंच्या कवचातून कॅल्शियम मिळवणाऱ्या रामगंगा पक्ष्यांची अंडी पातळ कवचाची निघतात. याच भागातल्या जंगलांत १९९०च्या दशकात यावर संशोधन झालं आहे. इथली काही माणसं परवान्यांना ‘फुकटची कटकट’ म्हणतात, तुम्हीही ऐकाल. माझं मत तसं नाही. ज्या जमिनीवर वर्षानुवर्षं हे ओझं पडत आलंय, तिथे आणखी टाकण्याआधी हिशेब मागणं रास्तच आहे.

हिशेबाचा इतिहास मात्र सरळ नाही, आणि तो ठाऊक नसला की दलालाचं बोलणं पटतं. २०१५ साली सरकारने ‘पास’ नावाची योजना आणली : नायट्रोजन पुढे कमी होणारच आहे, असं धरून आजच परवाने द्यायचे. छोट्या प्रकल्पांना तर नुसती नोंद करून चालत असे. २९ मे २०१९ रोजी इथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने, राड फान स्टाटने, ती योजना रद्द केली. भविष्यात होणाऱ्या सुधारणेच्या उधारीवर आज परवाना देता येत नाही, हे त्यामागचं तत्त्व. हजारो बांधकामं आणि रस्ते एका दिवसात अडकले. नियमाप्रमाणे नोंद केलेले सुमारे अडीच हजार शेतकरी स्वतःची काही चूक नसताना विनापरवाना ठरले, त्यांच्याबद्दल मला आजही वाईट वाटतं. इथल्या बहुतेक महामार्गांवर दिवसा ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे, तीही मार्च २०२०मध्ये याच कारणाने आली. मग बांधकामाच्या काळातल्या तात्पुरत्या उत्सर्जनाला सरसकट सूट देण्यात आली. नोव्हेंबर २०२२मध्ये, रॉटरडॅम बंदराच्या कार्बन साठवणुकीच्या पोर्थोस प्रकल्पाच्या खटल्यात, तीही गेली. नीट मोजणी आणि पर्यावरणीय मूल्यमापन पुढे आल्यावर ऑगस्ट २०२३मध्ये त्याच प्रकल्पाला हिरवा कंदील मिळाला, हेही लक्षात ठेवा. न्यायालयाची हरकत सरसकट सवलतीला होती, पुराव्यानिशी आलेल्या प्रकल्पाला तिने अडवलं नाही.

आता दलालाच्या दुसऱ्या वाक्याकडे येतो. आधीच्या परवान्यापेक्षा नवं उत्सर्जन जास्त नसेल, तर नवा निसर्ग-परवाना लागत नाही, असं काही वर्षं चाललं. १८ डिसेंबर २०२४ रोजी राड फान स्टाटने ही वाटही बदलली. आता जुन्यातून नवं वजा करण्याचा हिशेब परवान्याच्या अर्जातच मांडावा लागतो, आणि त्याला एक अट आहे : जुनं उत्सर्जन थांबल्यामुळे जी घट झाली, ती आधी निसर्गाच्या वाट्याची. क्षेत्र सावरण्यासाठी तिची गरज नाही, असं दाखवता आलं तरच ती तुमच्या वाट्याला येते. फेल्युवेच्या कडेला हे दाखवणं फार कठीण आहे. शिवाय गोठा बंद पडून वर्षं झाली असतील आणि नव्या परवान्याशिवाय तो पुन्हा सुरू करता येत नसेल, तर त्या गाई हिशेबात धरतच नाहीत.

म्हणून मालकाकडे पहिल्यांदा निसर्ग-परवान्याची प्रत मागा. आपण सातबारा आणि फेरफार बघितल्याशिवाय पुढे जात नाही, तेवढंच हे महत्त्वाचं. ‘होता, पण आत्ता सापडत नाही’ असं उत्तर आलं, तर परवाना नाही असंच धरा. त्याच बैठकीत हेही विचारा की मालकाने पशुपालन बंद करण्याची सरकारी अनुदान योजना घेतली आहे का. २०२३ पासून अशा योजना सुरू झाल्या. त्या घेतल्या की परवाना मागे घेतला जातो, गोठे पाडण्याची अट असते आणि जमिनीच्या वापराचा आराखडाही बदलतो. बार्नेफेल्डच्या आसपास स्वस्तात निघालेल्या बंद गोठ्यामागे हे कारण असू शकतं.

तुमच्या स्वतःच्या उत्सर्जनाची मोजणी ‘एरियस’ या सरकारी संगणकप्रणालीत होते. ती सगळ्यांना खुली आहे. बॉयलर, दुधाचे टँकर, पाहुण्यांच्या गाड्या, बांधकामाच्या वेळचा डिझेल एक्स्कॅव्हेटर, सगळं भरायचं, आणि २५ किलोमीटरच्या आतल्या संवेदनशील निसर्गावर दर हेक्टरी वर्षाला किती मोल नायट्रोजन पडतो ते उत्तर येतं. ०.००५ मोलपर्यंतचा आकडा शून्य धरतात. म्हणजे एका हेक्टरवर वर्षभरात साधारण ७० मिलीग्रॅम. तीन किलोमीटरवर गॅसचा बॉयलर घेऊन बसलात, तर शून्य येईल याची खात्री नाही. ही मर्यादा १ मोलपर्यंत वाढवण्याचा विचार सरकारने मांडला आहे, पण त्या भरवशावर व्यवहार करू नका. वर सांगितलेल्या प्रत्येक सवलतीचं न्यायालयात काय झालं, ते तुम्ही वाचलंतच.

बॉयलर विजेवर घ्या, बांधकामाला विजेवरची यंत्रं वापरा, असा सल्ला तुम्हाला मिळेल, आणि तो योग्यच आहे. पण देशात बऱ्याच ठिकाणी वीजजाळं भरलंय आणि नव्या मोठ्या जोडणीसाठी उद्योग रांगेत आहेत. गोठ्याची जुनी जोडणी किती क्षमतेची आहे, हे वीजवाहिनी कंपनीकडून लेखी घ्या.

जुनं बांधकाम पाडायचं किंवा बदलायचं असेल तर नायट्रोजनशी संबंध नसलेली आणखी एक गोष्ट आहे. छपराखाली वटवाघळं असतील, गव्हाणी घुबड राहत असेल, तर त्यांना प्रजाती म्हणून स्वतंत्र संरक्षण आहे. त्याला जवळ-दूर असा भेद नाही. पर्यावरणतज्ज्ञाकडून पाहणी करून घ्यावी लागते, आणि वटवाघळांची पाहणी उबदार महिन्यांतच होते. हंगाम चुकला की वर्ष गेलं.

शेतीच्या जागेवर अन्नप्रक्रिया आणि पाहुण्यांच्या खोल्या चालतील का, हा आपल्या एन.ए.सारखा प्रश्न वेगळाच उरतो. तो नगरपालिकेच्या आराखड्यावरून ठरतो. रीतसर अर्जाआधी प्राथमिक विचारणा करता येते, ती जरूर करा. इथले अधिकारी सरळ उत्तर देतात, आणि नकारही लवकर कळवतात.

एवढं करूनही तीच जागा हवी असेल, तर करारात अट घाला की अमुक तारखेपर्यंत निसर्ग-परवाना, किंवा तो लागत नसल्याचं प्रांताचं लेखी उत्तर, मिळालं नाही तर व्यवहार रद्द आणि इसार परत. नोटरीला हे नवीन नाही. विकणारा या अटीला तयार नसेल, तर तुम्हाला तुमचं उत्तर मिळालं.

मला विचाराल तर मी त्या गोठ्यात पैसे घालणार नाही. एडे, फेनेंदाल, वाखेनिंगेन हा सगळा अन्नउद्योगाचाच भाग आहे. तिथल्या औद्योगिक वसाहतीत आधीपासून अन्नप्रक्रियेला वापरात असलेला गाळा भाड्याने घ्या. बांधकाम जवळजवळ नाही, जोडण्या तयार, उत्सर्जन बहुतांशी फक्त वाहतुकीचं. एरियसची मोजणी तिथेही करायची, पण शून्याच्या जवळ येण्याची आशा बरीच जास्त. पाहुण्यांच्या खोल्या मागाहून बघता येतील.

जर्मनीचं म्हणाल तर निर्देश तोच, सहावं कलमही तेच. पण नायट्रोजनच्या बाबतीत तिथे दर हेक्टरी वर्षाला ३०० ग्रॅमपर्यंतचा वाटा नगण्य धरतात आणि तिथल्या संघीय प्रशासकीय न्यायालयाने ते मान्य केलंय. इथल्या ७० मिलीग्रॅमच्या तुलनेत हा फरक प्रचंड आहे, तेव्हा फक्त या एका निकषावर जर्मनी नक्कीच सोपं. सीमेपलीकडच्या नॉर्थ राइन-वेस्टफालियाची चौकशी करायला हरकत नाही. मात्र नेदरलँड्सचा व्हिसा तिथे व्यवसायाला चालत नाही, आणि भाषा, भागीदार, गिऱ्हाईक सगळं नव्याने जुळवावं लागेल.

व्हिसावरून एक महत्त्वाचं. इथला स्टार्टअप व्हिसा एका वर्षाचा असतो, आणि त्याला मान्यताप्राप्त मार्गदर्शक संस्था लागते. निसर्ग-परवाना लागला तर अर्ज, त्यावरच्या हरकती आणि कुणी अपिलात गेलं तर त्याची सुनावणी, यात ते वर्ष सहज निघून जाईल. म्हणून परवान्यावर अवलंबून असलेली जागा पहिल्या वर्षाच्या आराखड्यात ठेवूच नका. आत्ता नाशिकला बसून करता येण्यासारखी कामं दोन : मालकाकडून परवान्याची प्रत आणि अनुदान योजनेबद्दल लेखी उत्तर मागवा, आणि तुमच्या बॉयलरची क्षमता, रोजचं दूध, टँकरच्या फेऱ्या यांचा तक्ता करा. मोजणीला बसणारा कोणताही सल्लागार तुमच्याकडे सर्वांत आधी हाच तक्ता मागेल.