घागर किती लिटरची?

प्रश्न : माझी मुलगी लातूरच्या एका स्वायत्त कॉलेजात बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, मुख्य विषय संख्याशास्त्र. आतापर्यंत सरासरी ७८ टक्के. तिला चौथं वर्ष ‘ऑनर्स विथ रिसर्च’ करायचं आहे. भूगोलाचा एक मुलगा, समाजशास्त्राची एक मुलगी आणि ही, असे तिघं मिळून टँकरवर जगणाऱ्या गावांच्या पाणीप्रश्नावर प्रकल्प करणार म्हणतात. माझं म्हणणं असं, की संख्याशास्त्राला आज मागणी आहे. तिसऱ्या वर्षानंतर डेटाचा एखादा कोर्स करावा आणि नोकरीला लागावं. गावोगाव फॉर्म भरत हिंडायचं तर त्यासाठी संख्याशास्त्र कशाला शिकायचं? माझा भाचा अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात आहे. तो म्हणतो, तिकडे अशा प्रकल्पांना फार मान असतो. वर्ष वाया जाईल का, एवढंच सांगा. (तिच्या आजोळी दर उन्हाळ्यात टँकर येतो, म्हणून हे डोक्यात बसलं असावं.)
– एक पालक, ता. औसा

नमस्कार.

कंसातलं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण सगळ्या पत्रात माझ्या दृष्टीनं तेच कामाचं आहे. त्याकडे येतोच. आधी वर्षाचा हिशेब, कारण तो बोटांवर होतो.

तीन वर्षांची पदवी आणि दोन वर्षांचं एमएस्सी, झाली पाच वर्षं. चार वर्षांची ऑनर्स आणि एक वर्षाचं एमएस्सी, तीही पाचच. म्हणजे मुलगी एमएस्सी करणारच असेल तर वर्ष कुठंही जात नाही. फक्त जिथं प्रवेश घ्यायचा आहे तिथं एक वर्षाचं एमएस्सी प्रत्यक्षात सुरू आहे का, हे आत्ताच विचारून ठेवा. कागदावर असणं आणि वर्ग भरणं यात आपल्याकडे अंतर असतं. तिसऱ्या वर्षानंतर लगेच नोकरीच करायची असेल, तर मात्र एका वर्षाचा पगार जातो, आणि तो जातो असंच मी म्हणेन. भारतीय सांख्यिकी सेवेच्या परीक्षेला संख्याशास्त्र असलेली तीन वर्षांची पदवी चालते, त्यामुळे तिथं चौथ्या वर्षानं काही बिघडतही नाही आणि वाढतही नाही.

संशोधनाच्या वाटेला जायला पहिल्या सहा सेमिस्टरना मिळून ७५ टक्के लागतात. ७८ म्हणजे तीन टक्क्यांची गादी आहे, फार जाड नाही. सहाव्या सेमिस्टरला प्रकल्पाच्या नादात पेपर सोडू नको, हे तिला तुम्ही सांगा. माझ्यापेक्षा तुमचं ऐकेल. पुढे चार वर्षांच्या पदवीवर थेट पीएच.डी.ला अर्ज करायचा किंवा नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा द्यायची, तर तिथंही ७५ ची अट आहे. राखीव प्रवर्गांना त्यात सवलत असते.

एक अट मात्र मुलं वाचतच नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यात हे संशोधन १२ क्रेडिटचं आहे आणि ते विद्यार्थ्याच्या मुख्य विषयात व्हायला हवं. तीन विषयांच्या तिघांनी मिळून एकच प्रबंध लिहिला तर बहुधा तिघांचेही विभाग तो परत करतील. यातून वाट निघते. गाव एक, माहिती एक, फाईल एक. प्रश्न तीन, मार्गदर्शक तीन, प्रबंध तीन. तुमच्या मुलीचा प्रबंध संख्याशास्त्राचाच असायला हवा. पहिल्या पानावर ‘पाणीटंचाई : एक अभ्यास’ असं काही दिसलं, तर तिला परत बसवा.

कॉलेजात विचारायचा प्रश्नही एकच. तिच्या विभागात पीएच.डी.चं मार्गदर्शन करणारं कुणी आहे का, आणि त्या व्यक्तीला या विषयात रस आहे का, की नुसती सही करणार? सहीपुरता मार्गदर्शक असेल तर मी स्वतः चौथ्या वर्षाच्या विरोधात मत देईन, विषय कितीही चांगला असो.

आता भाच्याबद्दल. मेरीलँडला ऑनर्स कॉलेजात ‘जेमस्टोन’ नावाचा कार्यक्रम आहे, १९९६ पासूनचा; तो बहुधा त्याबद्दलच बोलत असावा. वेगवेगळ्या शाखांची मुलं पहिल्या वर्षी एकत्र येतात, गट करतात, आणि तोच गट पदवी होईपर्यंत एका मार्गदर्शकाबरोबर एकाच प्रश्नावर काम करतो. शेवटी तज्ज्ञांसमोर प्रबंधाचा बचाव करावा लागतो. मान आहे, खरं आहे. पण त्यांच्याकडून घ्यायची गोष्ट मान नव्हे, वेळ आहे. तिकडे सुरुवातीचा बराच काळ नुसता प्रश्न ठरवण्यात जातो. आपल्याकडे सगळं मिळून दोन सेमिस्टर. म्हणून आपला प्रश्न त्यांच्यापेक्षा लहान हवा, खूपच लहान.

लहान म्हणजे किती, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एका गटाची प्रश्नावली माझ्याकडे आली होती. पहिला प्रश्न : ‘आपल्या गावात पाण्याची समस्या आहे का? होय / नाही.’ दोनशे फॉर्म भरून आणले, दोनशेही ‘होय’. पोरं खूश, निष्कर्ष शंभर टक्के! पाचवा प्रश्न होता, ‘घरात रोज किती लिटर पाणी वापरता?’ त्याच्या उत्तरात बायकांनी काय काय सांगितलं होतं : सहा घागरी. चार खेपा. पाहुणे नसले तर पाच. पोरांनी प्रत्येक घागर पंधरा लिटरची धरली आणि गुणाकार केला. त्यातल्या एका मुलीला शंका आली. ती परत गेली, तिनं एका बाईची घागर भरायला लावली आणि लिटरच्या मापानं मोजली. अकराच्या आसपास भरलं. घागर पंधराचीच होती, पण डोक्यावर एकावर एक दोन घेऊन चढ चढायचा, तर काठोकाठ कोण भरेल? त्या एका मापानं दोनशे फॉर्मांचं गणित बदललं. जलजीवन मिशनचं उद्दिष्ट माणशी रोज ५५ लिटरचं आहे. आपलं गाव त्याच्या किती खाली आहे हे सांगायचं, तर घागर किती भरते हे आधी माहीत हवं. त्या गटातली तेवढी एक मुलगी मला अजून आठवते.

तुम्ही विचारता, फॉर्म भरत हिंडायला संख्याशास्त्र कशाला. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे एक गृहस्थ होते, पां. वा. सुखात्मे. जन्म १९११ चा. फर्ग्युसनमध्ये शिकले, लंडनला जाऊन संख्याशास्त्रात डॉक्टरेट केली, आणि १९५१ पासून वीस वर्षं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत सांख्यिकीचं काम पाहिलं. हा माणूस १९४० च्या दशकात गव्हाच्या शेतांचा हिशेब करत होता. देशात पीक किती आलं हे ठरवायला शेतातला एक तुकडा आखून, कापून, तोलायचा, आणि त्यावरून अंदाज करायचा. त्यांच्या ध्यानात आलं, की तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न फुगून दिसतं. कारण साधं आहे. आखलेल्या रेषेवरचं रोप आत धरायचं की बाहेर? कापणारा बहुतेक वेळा आत धरतो. तुकडा जितका लहान, तितकी त्याच्या मानानं कड मोठी, आणि चूकही मोठी. टेबलाशी बसून ही चूक कदाचित सापडलीच नसती.

तुमच्या मुलीच्या प्रकल्पात हीच कड आहे, फक्त गव्हाऐवजी घरं आहेत. गावातली साठ घरं चिठ्ठ्या टाकून निवडायची, तर चिठ्ठ्या कुठल्या यादीतून? ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या यादीत शेतातली वस्ती येते का? तांडा त्याच यादीत आहे की वेगळा? टँकर गावच्या विहिरीत रिकामा होतो. तांड्यावरून त्या विहिरीपर्यंत चालत किती वेळ? रेषेवरची घरं आत धरायची की बाहेर, यावर आकडा बदलेल.

आणि ऊसतोड. दिवाळीच्या आसपास गाडी येते, मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी कारखान्याकडे जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. डिसेंबरमध्ये सर्वेक्षण केलं तर त्या दारांना कुलूप. संख्याशास्त्राच्या पुस्तकात अशा घराला ‘प्रतिसाद नाही’ म्हणतात, आणि फॉर्म भरणारे पुष्कळदा शेजारचं घर घेऊन पुढे जातात. समाजशास्त्राची मैत्रीण तिथं हिचा हात धरेल : थांब, हे कुलूपच नोंदवायचं आहे. ज्यांना पाण्याची सगळ्यात जास्त ओढ, तेच यादीतून गळत असतील, तर गळती किती आणि तिनं सरासरी किती वर जाते, हा नखशिखान्त संख्याशास्त्राचा प्रबंध आहे. आंतरविद्याशाखीय हा शब्द मला कानाला जड वाटतो. पण दुसऱ्या विषयाचं माणूस शेजारी नसेल तर आपली चूक आपल्याला चूक वाटतच नाही, एवढा त्याचा अर्थ मी धरतो.

भूगोलाच्या मुलाचं कामही त्यात हवं, नाहीतर तो नकाशे रंगवत बसेल. आपल्या भागात खाली काळा पाषाण. पाणी साठतं ते झिजलेल्या थरात आणि भेगांत, म्हणून बांधाच्या अलीकडं बोअर कोरडा आणि पलीकडं पाणी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते. जिल्ह्याला त्यांचं कार्यालय आहे, कॉलेजचं पत्र घेऊन जाऊन त्या नोंदी मागाव्यात. टँकरच्या खेपांची नोंद पंचायत समितीकडे मिळते का पाहावं. अडलं तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज आहेच, पण आधी चहा, मग अर्ज.

वेळापत्रकाची एक गोची मुलांच्या लक्षात आली नसावी. चौथं वर्ष सुरू होतं जून-जुलैत आणि प्रबंध द्यायचा एप्रिलच्या आसपास. टँकरचा खरा भर मे महिन्यात. म्हणजे प्रबंध बांधून झाल्यावर टंचाई येणार! उपाय एकच : सहाव्या सेमिस्टरची परीक्षा संपली, की त्याच मे महिन्यात गावात जाणं. ऊसतोडीहून परतलेली माणसंही तेव्हा घरी असतात. मग पावसाळ्यानंतर त्याच घरांना दुसरी भेट. पुरेसं आहे. एक किंवा फार तर दोन गावं, तालुका नको.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, ते तुम्ही पाहिलं असेल. पहिल्या फेरीत दहा टाक्या, पाच लाख लिटर. तुमची मुलगी तेव्हा प्राथमिक शाळेत असेल. ज्या पोरांनी ते दृश्य पाहिलं, त्यांना या विषयाचं वेगळं कारण सांगावं लागत नाही. लातूर पॅटर्ननं आपल्या मुलांना उत्तर माहीत असलेला प्रश्न वेगानं सोडवायला फार छान शिकवलं, मला त्याची चेष्टा करायची नाही. पण डेटाच्या ज्या नोकरीचं तुम्ही मनात धरलंय, तिथं मुलाखतीत विचारतात, ‘हा डेटा आला कुठून, आणि यात काय नाही?’ कोर्सच्या तयार फाइली चाळणाऱ्याला हे उत्तर सुचत नाही. घागर मोजलेल्याला सुचतं.

माझं मत : मार्गदर्शक खरा असेल, एमएस्सीचा विचार असेल आणि प्रश्न एका वाक्यात मावत असेल, तर तिला चौथं वर्ष करू द्या. तिघांपैकी कुणी गावात टँकर किंवा नळ आणून देण्याचं आश्वासन द्यायचं नाही, आणि विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढायचा नाही, हे त्यांनी आधी ठरवून घ्यावं.

आता ते कंसातलं वाक्य. गाव तिचं आजोळच घ्यावं का? मी म्हणेन, दोन गावं घेणार असतील तर एक आजोळ, एक परकं. आजोळी दारं उघडतात, पण भाचीला लोक खरं सांगतीलच असं नाही. मामाची अब्रू मधे येते. परक्या गावात उलट. दोन्हीकडच्या उत्तरांत फरक पडला तर तोही तिनं लिहावा.

पहिल्या दिवशी तुम्ही तिघांना घेऊन जा. ग्रामसेवकाची, सरपंचांची ओळख करून द्या. तुमच्या सासुरवाडीत तुमच्या शब्दाला वजन असेल. मग विहिरीपासून जरा लांब, पारावर बसून राहा. टँकर आला, बायका पाण्यावर आल्या आणि मुलीनं विचारलं, ‘मावशी, रोज किती घागरी लागतात?’, तर उत्तर मावशीलाच देऊ द्या.