जळगावात चर्चच्या उपासनेला ख्रिस्ती नसलेले ऑर्केस्ट्रावाले रॉक वाजवायला बोलवावेत का?

बोलवा, पण पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, आधी विचारा. काही मंडळ्यांत (चर्चच्या समुदायांत) वादक कुणीही चालतो, गाणं चालवणारा मात्र मंडळीतलाच लागतो. प्रभुभोजनाच्या (भाकर-द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या) वेळी बसून राहिलं तरी चालेल, हे वादकाला सांगून ठेवा. नाहीतर बिचारा अवघडतो.

खरी गडबड आवाजाची. मैदानातल्या लग्नात वाजवायची सवय असते. उंच छताखाली झांजा घुमतात नि शब्द बुडतात. ड्रमसेटऐवजी ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) घ्या, मिक्सरवरून आवरता येतो. गिटारचा अ‍ॅम्प वादकाच्या कानाकडे तिरपा ठेवा. स्वतःचं ऐकू येत नाही म्हणूनच तो आवाज वाढवत नेतो.

पट्टी रेकॉर्डिंगची घेऊ नका. गाण्यातला सर्वांत वरचा सूर डी (D) या सुराच्या वर गेला की मागचे बाक गप्प होतात. दोन-तीन अर्धस्वर खाली उतरवा. कीबोर्डवाला ट्रान्सपोजचं बटण दाबून मोकळा होतो आणि गिटारवाला जुन्याच पट्टीत राहतो, म्हणून नवे कॉर्ड कागदावर लिहून द्या. प्रार्थना सुरू झाली की फक्त कीबोर्डचा पॅड (मागे सलग रेंगाळणारा मऊ सूर), हळू. लांबलचक सोलो नकोच.

मानधन आधी ठरवा. लग्नसराईत शनिवारी रात्री धुळ्याला वाजवून आलेला माणूस रविवारी सकाळी वेळेवर येईल असं धरू नका. सराव शुक्रवारीच उरका.