गुंड्याला तिथे करमेल का?

घर बदलायचंय. सामान ट्रकने जाणार, आम्ही दोघं आणि कुत्रा गाडीने. प्रवास देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा. "त्याला झेपेल का हो?"

हा प्रश्न खरं तर जनावरांच्या डॉक्टरांचा. तरी तो समुपदेशकाकडे येतो, वारंवार येतो, आणि येतो तेव्हा बहुधा त्यावरून घरात चार-सहा भांडणं होऊन गेलेली असतात. अशाच एका जोडप्याची ही हकिकत. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत आणि पाच बैठका दोन-तीन संवादांत आटोपल्यात.

त्यांचा कुत्रा गुंड्या सहा वर्षांचा, वजन २२ किलो. अंतर २,१०० किलोमीटर. नवऱ्याला ते तीन दिवसांत कापायचं होतं, बायकोला सहा. पहिल्या बैठकीला गुंड्या घरीच होता, पण त्याचा पट्टा बायकोच्या पर्समध्ये होता. बोलता बोलता तिने तो बाहेर काढला आणि पट्ट्याचा हुक अंगठ्याने उघडबंद करत राहिली. खट्. खट्.

"गुंड्याला गाडीत उलट्या होतात," ती म्हणाली. "हा म्हणतो, होईल सवय."

"लहान पिल्लू आहे का तो? सहन करेल."

"बघितलंत? घरीही हेच. मग मी गुंड्यालाच सांगते, विचार रे बाबाला, तुझं कोण बघणार."

पहिल्या दिवशी मी नात्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. कोरा कागद ठेवला आणि म्हटलं, गुंड्याच्या सगळ्या अडचणी लिहा, प्रत्येकीपुढे उत्तर लिहा. उत्तर ठाऊक नसेल तिथे डॉक्टरांना विचारायचं. तो कागद बराचसा असा झाला. ज्यांना हा प्रवास करायचाय त्यांना उपयोगी पडेल म्हणून सविस्तर देते.

गाडीची सवय निघण्याआधी निदान महिनाभर लावायची. आधी इंजिन बंद ठेवून गाडीत दोघांपैकी कुणीतरी शेजारी बसून पाच मिनिटं. मग इंजिन चालू, पण गाडी जागेवरच. मग एक गल्ली, मग वीस मिनिटं, मग दोन तास. एका पायरीवर तो स्वस्थ बसेपर्यंत पुढची पायरी नाही. उलटीच्या आधी कुत्रा सूचना देतो. लाळ गळते, जांभया येतात, ओठ चाटणं सुरू होतं. हे दिसलं की थांबायचं. निघण्याआधी तीन-चार तास खाणं बंद. पोटभर जेवण मुक्कामी पोचून तो निवांत झाल्यावर. पाणी मात्र तोडायचं नाही. २२ किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण सव्वा लिटर लागतं, ते प्रत्येक थांब्यावर थोडं थोडं द्यायचं. उलटीवर किंवा भीतीवर औषध लागलंच तर डॉक्टरांनी दिलेलंच, आणि त्याचा पहिला डोस घरी, निघण्याच्या आधीच्या एखाद्या रिकाम्या दिवशी. काही औषधांनी शरीर सुस्त पडतं पण आतली भीती तशीच राहते. हा फरक डॉक्टरांना स्पष्ट विचारून घ्यायचा. माणसांच्या झोपेच्या गोळ्या अजिबात नाहीत.

बसायची जागा मागे. पुढच्या सीटवर एअरबॅग उघडली तर कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं. उभं राहता येईल, वळता येईल, पसरता येईल एवढा क्रेट, म्हणजे प्रवासाचा पिंजरा, घ्यायचा आणि तो पट्ट्यांनी घट्ट बांधायचा. क्रेट नको असेल तर हार्नेस, म्हणजे छातीभोवतीचा पट्टा, सीटबेल्टला अडकवायचा. गळपट्ट्याला अडकवला तर करकचून ब्रेक लागल्यावर सगळा हिसका मानेवर येतो.

बंद गाडीत एकटं सोडायचं नाही, "दोन मिनिटांत आलो" म्हणूनही नाही. बाहेर २४ अंश असताना आतलं तापमान दहा मिनिटांत ३४ च्या आसपास आणि अर्ध्या तासात ४३ च्या घरात जातं. काच बोटभर खाली ठेवल्याने फारसं काही साधत नाही. म्हणून एक जण आत जातो, दुसरा कुत्र्यापाशी.

कुत्री हरवतात ती मात्र धावत्या गाडीतून क्वचितच. हरवतात ती उघड्या दारातून. सामान उचलायला माणसं येतात, घराचं दार तासन् तास सताड उघडं राहतं आणि घाबरलेला कुत्रा वाट फुटेल तिकडे पळतो. त्या दिवशी त्याला एका खोलीत बंद ठेवायचं, दारावर "आत कुत्रा आहे" असा कागद चिकटवायचा, नाहीतर ओळखीच्या घरी नेऊन सोडायचं. थांब्यावर क्रम ठरलेला असावा, आधी पट्टा हातात, मगच गाडीचं दार. गळ्यातल्या बिल्ल्यावर चालू मोबाइल नंबर हवा. कातडीखाली ओळखीची चिप बसवलेली असेल तर तिच्या पंधरा आकडी क्रमांकाच्या नोंदीत नंबर आणि पत्ता निघण्याआधी बदलून घ्यायचा. नोंद जुनी असली तर चिप असून नसल्यासारखी. रेबीजच्या लशीचं प्रमाणपत्र, औषधं आणि ओळखीचं खाणं ट्रकमध्ये नाही, गाडीत. अंथरूण धुवायचं नाही. नव्या घरात ओळखीचा वास तेवढाच असणार आहे.

हे सगळं लिहायला चाळीस मिनिटं लागली. अंतराचाही तिढा सुटला. दिवसाला ७०० किलोमीटर म्हणजे ताशी ६० च्या सरासरीने जवळपास बारा तास नुसतं चालवणं. पाच दिवस धरले तर रोज ४२०, म्हणजे सात तास, आणि दर दोन-अडीच तासांनी वीस मिनिटांचा थांबा.

मी विचारलं, "चाळीस मिनिटांत संपलं. मग चार महिने भांडत कशावर होतात?"

दोघंही गप्प.

तोवर माझं लक्ष त्या हुकाकडे गेलं होतं. उलट्या, क्रेट, उन्हाळा हे विषय निघाले तेव्हा तो शांत होता. नवरा "तिथे गेल्यावर तुझ्या नोकरीचं बघू" म्हणाला की खट्. "तिथे तुझी ओळख होईलच लोकांशी" की खट्. गुंड्याची काळजी खरी होती, यात शंका नाही. पण त्या काळजीच्या आडोशाला आणखी कुणीतरी उभं होतं. दोघांमधला ताण असह्य झाला की माणसं तिसऱ्याला मध्ये घेतात, हे मानसोपचारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी कुटुंबांचा अभ्यास करताना मांडलं. तो तिसरा बहुधा मूल असतो, सासू असते. चार पायांचाही असू शकतो, आणि तो तर तक्रारही करत नाही. माझी स्वतःची एक कसोटी याच कामातून तयार झालीय आणि ती आजवर फारशी चुकलेली नाही: उत्तर मिळाल्यावर जी काळजी थांबते ती कुत्र्याची, उत्तर मिळूनही चालू राहते ती तुमची.

तिसऱ्या बैठकीत ती म्हणाली, "सगळं ठरलं, तरी मला वाटतं गुंड्याला तिथे करमणार नाही."

"हेच वाक्य पुन्हा म्हणा. गुंड्याच्या जागी 'मला' घाला."

हुक थांबला. बराच वेळ गेला. मग ती पट्ट्याकडे बघत म्हणाली, "मला तिथे करमणार नाही."

तो चमकला. "हे तू मला कधीच बोलली नाहीस."

"रोज बोलत होते की. गुंड्याबद्दल."

मी त्याच्याकडे वळले. "तुमचंही एक वाक्य आहे माझ्याकडे. 'लहान पिल्लू आहे का तो, सहन करेल.' इथे तिला घाला."

"ती काही लहान नाही," तो म्हणाला, "ती सहन..." आणि अडखळला. मग सावकाश, "तीन दिवसांत पोचलो असतो तर परत फिरायचा विचार करायला कुणाला वेळच मिळाला नसता. मला तेच हवं होतं."

असं वाक्य माणूस स्वतःहून बोलतो तेव्हा समुपदेशकाने तोंड बंद ठेवावं. मी ठेवलं.

पुढच्या दोन बैठकींत जाण्याचा निर्णय बदलला नाही, फक्त त्याच्या अटी तिच्याही झाल्या. सहा महिन्यांनी पुन्हा बसून ठरवायचं, तोवर घर भाड्याचंच. प्रवासापुरते नियम वेगळे. गाडी चालू असताना नोकरी-घर हे विषय नाहीत. बोलायचं ते थांब्यावर, पायी चालताना. आवाज चढला तर वीस मिनिटं विषय बंद, कारण तापलेलं शरीर निवायला निदान तेवढा वेळ लागतोच. यात गुंड्याचाही फायदा. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१९ साली ५८ कुत्र्यांच्या आणि त्यांच्या मालकिणींच्या केसांतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, मोजलं, तेव्हा दीर्घकाळचा ताण दोघांत बरोबरीने चढता-उतरता दिसला. शेवटचा नियम सगळ्यांत अवघड गेला: गुंड्यामार्फत निरोप पाठवायचे नाहीत.

प्रवासाच्या तिसऱ्या रात्री थांब्यावर चालतानाच बोलायचा नियम मोडलाच. फोनवर "कुत्रा चालेल" म्हणणाऱ्या मुक्कामाच्या जागेने गुंड्याला बघून हात वर केले. कुत्रा छोटा असेल असं त्यांनी धरलं होतं. (वजन सांगून लेखी होकार घ्यावा; हे आमच्या कागदावर राहून गेलं होतं.) रात्री दहा वाजता गाडीत बसून दोघं भांडले, मागे गुंड्या धापा टाकत होता. ते ऐकून तिनेच वीस मिनिटांचं घड्याळ लावलं. चौथ्या दिवशी स्टिअरिंग तिच्याकडे होतं.

नव्या घरात त्यांनी गुंड्याला आधी एकच खोली दिली. जुनं अंथरूण, जुना वाडगा, खाण्याच्या वेळा त्याच. पहिले काही आठवडे अंगणातसुद्धा पट्टा. कुत्रा स्थिरावायला तीन महिनेही लागू शकतात, हे मी आधीच सांगून ठेवलं होतं.

पाचव्या आठवड्यात आमच्या तिघांच्या ग्रुपवर तिचा मेसेज आला: "गुंड्याला करमलं. मला अजून नाही."

त्याखाली त्याचा: "निघतोय ऑफिसातून. पट्टा काढून ठेव, चालता चालता बोलू."