कदुरी शाळेचा दाखला आणि इथली शाळा

ताई, तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. आजोबांचा माझगावच्या कदुरी शाळेचा दाखला अलियाच्या (ज्यू म्हणून इस्रायलला कायमचं राहायला येण्याच्या) अर्जाला पुरावा म्हणून चालेल का, आणि इथं आल्यावर नऊ वर्षांच्या मुलीला कुठल्या शाळेत घालावं. मीही त्याच शाळेतला. इस्रायलमध्ये अश्दोदला येऊन तीस वर्षं होत आली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दाखला जपून ठेवा, पण एकट्या त्याच्यावर विसंबू नका. शाळेचं नाव ज्यू असलं तरी शिकणारा ज्यू होता असं त्यातून ठरत नाही. आज तिथली बहुतेक मुलं मुसलमान आहेत. धर्म-जातीच्या रकान्यात ‘बेने इस्रायल’ (आपला मराठी बोलणारा ज्यू समाज) लिहिलेलं असेल तर मात्र आधाराला बरा. खरा भार आपल्या मशिदीच्या (सिनेगॉगला, म्हणजे ज्यू प्रार्थनाघराला, आपण मशीदच म्हणतो) पत्रावर आणि आईवडिलांच्या केतुबावर (लग्नाच्या करारपत्रावर). आडनावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच आहे ना, ते आधी बघा. आमच्या एका अक्षराने चार महिने खाल्ले.

शाळेचं मूळ नाव इस्रायलाइट स्कूल. १८७५ साली हाईम सॅम्युएल केहीमकरांनी पुढाकार घेऊन ती काढली. त्याआधी आपली पोरं मिशनऱ्यांच्या शाळांत जायची. जॉन विल्सनने तर हिब्रूचं व्याकरण मराठीतून लिहिलं होतं, म्हणजे आपल्याच धर्माची भाषा पाद्र्यांकडून शिकायची! ती आपल्या हातात असावी, आणि पोटापाण्याचं शिक्षणही सुटू नये, असा तो बेत होता. १८९२ला शाळेचं हायस्कूल झालं. पुढे १९३०च्या दशकात सर एली कदुरींच्या देणगीमुळे त्यांचं नाव लागलं. ते बगदादी ज्यू, व्यापार हाँगकाँग-शांघायला. त्या सुमाराला मुख्याध्यापिका होत्या रिबेका रूबेन, १९०५ साली मॅट्रिकला पहिल्या आलेल्या. १९२२ ते १९५० शाळा त्यांनीच चालवली. आमच्या घरातल्या म्हाताऱ्या बायका त्यांचं नाव अजून हलक्या आवाजात घेतात.

आता मुलीचं. तिथे ‘ज्यू शाळा’ शोधावी लागते, इथे सरकारी शाळाच तशी. प्रश्न कुठल्या प्रवाहाचा, एवढाच. साध्या सरकारी शाळेतही तनाख (आपला धर्मग्रंथ, हिब्रू बायबल) शिकवतात. सरकारी-धार्मिक शाळेत त्याच्या जोडीला रोजची तेफिला (प्रार्थना), शब्बाथची (शनिवारचा विसावा, टीव्हीसुद्धा बंद) आणि कोशेरची (खाण्यापिण्याचे नियम) शिस्त. तुमच्या घरी शुक्रवारचा किद्दूश (शब्बाथच्या सुरुवातीची प्रार्थना) होतो पण शनिवारी टीव्हीही चालतो, असं तुम्हीच लिहिलंय. मग साधी शाळा घ्या. मुलीला घरी एक आणि शाळेत दुसरं असं व्हायला नको. ही चूक आम्ही केली. पोरगा धार्मिक शाळेत घातला आणि तो दोन वर्षं मित्रांना घरी आणायला लाजला.

नव्याने आलेल्या मुलांना शाळेत हिब्रूचे जादा तास मिळतात, पण अक्षरओळख तिथूनच करून आणा. सिद्दूर (हिब्रू प्रार्थनेचं पुस्तक) वाचणारे एखादे काका ठाण्यात मिळतीलच. वाचता येणारं मूल वर्गात गप्प बसलं तरी हरवत नाही. आणि मराठी बोलणं थांबवू नका. हिब्रू ती शाळेत आपोआप शिकेल, मराठी घराबाहेर कुठेच मिळायची नाही.

वर्ष १ सप्टेंबरला सुरू होतं, रविवारी शाळा असते. जुलैत या, म्हणजे नावनोंदणीला वेळ राहील. शाळा सोडल्याच्या दाखल्याची इंग्रजी प्रत आणि जन्मदाखल्यावर अपोस्टिल (परदेशात चालण्यासाठीचा सरकारी शिक्का) तिथूनच करून घ्या, इथून ते काम जीव काढतं.