उदास गाणी, बधिर मन आणि रागांचे तक्ते

नैराश्य आणि संगीत या विषयावर आलेल्या पत्रांपैकी तीन प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन महिन्यांपासून डिप्रेशनचे उपचार चालू आहेत. दार लावून, हेडफोन घालून तासन्‌तास रडवी गाणी ऐकते. तिचे बाबा म्हणतात, फोनच काढून घ्यायचा. काय करावं?

फोन काढून घेऊ नका. डिप्रेशनमध्ये उदास संगीताकडे ओढा असणं नेहमीचं आहे. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली हे दाखवलं. आनंदी, उदास आणि मधलं असे तीन पर्याय समोर ठेवल्यावर नैराश्य असलेल्या स्त्रियांनी इतरांपेक्षा जास्त वेळा उदास संगीत निवडलं. तेव्हा यांना दुःखातच राहायचं असतं, असा अर्थ काढला गेला. पुढे अमेरिकेत साउथ फ्लोरिडा विद्यापीठात तसाच प्रयोग झाला आणि निवडीचं कारणही विचारलं गेलं. बहुतेकींनी सांगितलं, ऐकून शांत वाटतं. तेव्हा मूड बदलावा म्हणून घरात मोठ्याने उडती गाणी लावू नका. थकलेल्या मनाच्या ती अंगावर येतात, आणि 'मला कुणी समजूनच घेत नाही' ही भावना पक्की होते.

मात्र एकच विचार उगाळत बसायची सवय असेल, तर उदास गाणं ऐकून मन आणखी खाली जाऊ शकतं. शब्द त्या विचारांना खाद्य पुरवतात, एखादं गाणं थेट ठरावीक आठवणीत नेतं, आणि ऑटोप्ले तसलीच पुढची गाणी लावत राहतं. मुलीच्या बाबतीत यातलं काय घडतंय हे तुम्हाला दाराबाहेरून कळणार नाही, तिलाच ताडून बघू द्या.

ऐकण्याआधी मनाचा जडपणा ० ते १० मध्ये लिहायचा. ० म्हणजे हलकं, १० म्हणजे असह्य. ऐकणं संपल्यावर वीस मिनिटं जाऊ द्यायची आणि पुन्हा आकडा लिहायचा. लगेच लिहू नये, कारण रडून झाल्यावर घटकाभर सुटल्यासारखं वाटतं आणि आकडा फसवतो. शेजारी गाण्याचं नाव, आणि ऐकताना मन कुठे होतं ते: चालीत, आवाजात, की 'माझंच चुकलं' मध्ये? आठवडाभर एवढं पुरे. ज्या गाण्यांनंतर आकडा दर वेळी दोनाने तरी वाढतो, ती वेगळ्या यादीत बाजूला ठेवायची. पुसून टाकायला सांगू नका. आवडीच्या गाण्यांवर असा घाला घातला की पुढचं बोलणंच बंद होतं.

त्यांच्या जागी चार-पाच गाण्यांची, वीस-पंचवीस मिनिटांत संपणारी यादी करावी. पहिलं गाणं आत्ताच्या मनासारखंच संथ, पुढचं किंचित मोकळं, शेवटचं चालताना पावलं पडतील अशा लयीचं. संगीतोपचारात हीच पद्धत वापरतात: आधी मनाशी सूर जुळवायचा, मग लय हळूहळू हलवायची. दुसरंच गाणं नाचरं घेतलं की यादी फसते. शब्दांनी त्रास होत असेल तर बासरी, सतार, सारंगी घ्यावी. ऑटोप्ले आणि रिपीट बंद. जमलं तर हेडफोनऐवजी स्पीकर, म्हणजे दार थोडं उघडं राहील.

मरणाचं बोलणं, आवडत्या वस्तू वाटून टाकणं, निरोपासारखे मेसेज, यातलं काही दिसलं तर तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

प्रश्न : वय ४६. भजनी मंडळात पेटी वाजवायचो. आता गाणं ऐकून काहीच होत नाही, रडूसुद्धा येत नाही. हे गोळ्यांमुळे असेल का?

असू शकतं, पण आजारामुळेही असतं. आधी मनात कालक्रम लावा. गोळ्या सुरू होण्याआधीपासूनच गाणं कोरडं लागत होतं का? तसं असेल तर ते बहुधा नैराश्याचंच लक्षण आहे. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या २०११ च्या अभ्यासात दिसलं, की आवडतं संगीत ऐकताना मेंदूत डोपामाइन (ओढ आणि आनंदाशी जोडलेलं रसायन) दोनदा सुटतं: सर्वांत रंगलेल्या जागी, आणि ती जागा येणार या अपेक्षेने त्याच्या आधीही. मुखडा उचलला की समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, जी ओढ लागते, ती ही अपेक्षा. नैराश्यात ही ओढच मंदावते. सम येते, पण तिची वाट कुणी पाहिलेलीच नसते.

उलट झोप आणि भूक सुधारली, कामावर जाता येतं, पण हसू नाही आणि रडूही नाही, आणि हे गोळी सुरू झाल्यावर किंवा डोस वाढल्यावर आलं, तर ते औषधाचं असू शकतं. नैराश्यावर सर्रास दिल्या जाणाऱ्या एसएसआरआय गटातल्या गोळ्यांनी काहींच्या भावना अशा बोथट होतात. डॉक्टरांना नेमक्या याच शब्दांत सांगा. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं. स्वतःहून गोळी बंद करू नका. चक्कर, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके येतात, आणि आजार उलटण्याचा धोका असतो.

तोवर सर्वांत लाडका अभंग लावून 'आज काही वाटतंय का' ही रोजची परीक्षा थांबवा. दर वेळी नापास झाल्यासारखं वाटतं आणि तो अभंगही नकोसा होतो. पेटीवर दहा मिनिटं अलंकार (सरावाचे स्वरपलटे) वाजवा, ठरलेल्या वेळी, मन असो-नसो. बोटं आधी चालू लागतात, गोडी मागाहून येते. मंडळात फक्त टाळ घेऊन बसलात तरी चालेल.

प्रश्न : अमुक आजारावर अमुक राग, असे तक्ते व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. नैराश्यावर कोणता राग ऐकावा?

तसा नेमून दिलेला राग नाही. त्या तक्त्यांना भक्कम पुरावा नाही.

संगीतोपचाराला मात्र आधार आहे. वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात ९ अभ्यास आणि ४२१ माणसं होती. नेहमीच्या उपचारांना संगीतोपचाराची जोड दिल्यावर, निदान थोड्या मुदतीत, नैराश्य जास्त उतरलं. फिनलंडमधल्या २०११ च्या अभ्यासात ७९ रुग्ण होते. त्यातल्या संगीतोपचार मिळालेल्यांना तासाची २० सत्रं दिली गेली, आठवड्याला दोन. तिथे रुग्ण नुसता ऐकत नव्हता. उपचारकाबरोबर ढोलासारखी वाद्यं उत्स्फूर्त वाजवायची आणि त्यातून जे वर आलं त्यावर बोलायचं, असा क्रम होता. संगीत शिकलेलं असण्याची गरज नव्हती.

उपचारक निवडताना विचारा: मानसिक आजारांचं प्रशिक्षण कुठे घेतलं, सत्रात मी काय करायचं, माझ्या डॉक्टरांशी बोलाल का? गोळ्या बंद करा म्हणणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.