सिनेमा बिघडला की टीव्ही?

नुकत्याच पाहिलेल्या सिनेमांविषयी, माहितीपटांविषयी काय वाटलं ते कळवा, असं वाचकांना विचारलं होतं. सोलापूरहून आलेल्या पत्रांत तक्रारीच जास्त. त्यातल्या बऱ्याच दिग्दर्शकाच्या नावावर खपवल्या आहेत, पण खरा आरोपी घरात भिंतीवर टांगलेला आहे. निवडक प्रश्न आणि आमची उत्तरं.

नवा ५५ इंची टीव्ही घेतला. त्यावर पाहिलेले तिन्ही सिनेमे सासू-सुनेच्या मालिकेसारखे दिसले. हल्ली छायाचित्रणच असं करतात का? (जुळे सोलापूर)

नाही. सिनेमात सेकंदाला २४ चित्रं असतात. तुमचा टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, आणि मधली चित्रं तो स्वतःच्या अंदाजाने तयार करतो. त्यामुळे हालचाल नको इतकी गुळगुळीत होते आणि सगळं स्टुडिओत चित्रित केल्यासारखं भासतं. खात्री करायची तर एखादं माणूस जाळीच्या दारामागून चालत जातं असं दृश्य लावा. त्याच्या कडेला पाण्यासारखी थरथर दिसली, तर हा टीव्हीचाच उद्योग.

सेटिंगमध्ये चित्राच्या प्रगत पर्यायांत जा. सॅमसंगमध्ये ‘पिक्चर क्लॅरिटी’ किंवा जुन्या संचात ‘ऑटो मोशन प्लस’, एलजीत ‘ट्रूमोशन’, सोनीत ‘मोशनफ्लो’ सापडेल. ते पूर्ण बंद करा. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तो निवडला की काम एका बटणात होतं. बऱ्याच संचांत ही निवड प्रत्येक जोडणीसाठी वेगळी साठवली जाते. सेट-टॉप बॉक्सवर बंद केलेलं ॲपमध्ये चालूच राहतं आणि लोक म्हणतात, काही फरक पडला नाही. दोन्हीकडे बंद करा. त्यानंतर कॅमेरा आडवा फिरताना बारीक हिसके जाणवतील. २४ चित्रं ६० मध्ये बसवताना एक चित्र तीनदा, पुढचं दोनदा दाखवावं लागतं, त्याचे ते हिसके. दोन-तीन दिवसांत डोळ्याला सवय होते. क्रिकेटला मात्र हवं तर पुन्हा चालू करा.

संवाद पुटपुटल्यासारखे, आणि पार्श्वसंगीत आलं की शेजारी दार वाजवतात. रिमोट हातातून सुटत नाही. (होटगी रोड)

आवाजाच्या ५.१ मांडणीत (पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर) संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरसाठी असतात. तुमच्या टीव्हीला मधला स्पीकर नाही, आणि जे दोन आहेत त्यांची तोंडं बहुधा खाली किंवा भिंतीकडे. सहा वाटांचा आवाज त्या दोनात कोंबला की सर्वांत आधी बळी जातो तो बोलण्याचा.

आधी फुकटचे उपाय. ॲपमध्ये ध्वनीच्या यादीत ५.१ ऐवजी साधा स्टिरिओ पर्याय असेल तर तो घ्या. टीव्हीत ‘क्लिअर व्हॉइस’ किंवा ‘नाइट मोड’ चालू करा. नाइट मोड मोठा आवाज दाबतो, लहान वर उचलतो. साउंडबार घेणारच असाल तर मधला स्पीकर असलेला, म्हणजे निदान ३.१, घ्या. तो कपाटाच्या कप्प्यात आत सरकवू नका आणि सबवूफर कोपऱ्यात ठेवू नका, कोपऱ्यात धमधम वाढते.

आणखी एक आरोपी छताला आहे. मे महिन्यात पाचावर फिरणारा पंखा ‘स’, ‘श’, ‘फ’ ही अक्षरं खाऊन टाकतो. सोलापूरच्या उन्हात पंखा बंद करा म्हणायची आमची छाती नाही. तीनावर आणा आणि सबटायटल लावा.

‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ पाहिला. चेहरे फुगलेले, काही दृश्यांत डोकी कापलेली. शिवाय, हा माहितीपट मानावा का? (भैय्या चौक)

सिनेमा १९४६ चा. तेव्हाची चौकट जवळपास ४:३, टीव्हीची १६:९. चित्र ताणून बसवलं की ते तिसऱ्या हिश्शाने रुंद होतं, झूम करून बसवलं की उंचीचा चौथा हिस्सा जातो. दृश्यातलं घड्याळ, ताट किंवा गाडीचं चाक बघा. गोल दिसलं तर ताण नाही. टीव्हीचं सेटिंग ‘ओरिजिनल’ ठेवा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे यायलाच हवेत. तरीही चाक अंडाकृती दिसलं तर प्रतच ताणलेली आहे. मग टीव्ही जबरदस्तीने ४:३ वर टाका, चेहरे जागेवर येतात. डोकी कापलेल्या प्रतीला मात्र इलाज नाही, दुसरी शोधा.

माहितीपट नव्हे. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या लेखनावर बेतलेला हा कथापट आहे आणि कोटणीसांची भूमिका दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनी स्वतः केली आहे. १९१० साली सोलापुरात जन्म, १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकाबरोबर चीनला प्रयाण, डिसेंबर १९४२ मध्ये तिथेच मृत्यू, हा सांगाडा इतिहासाचा. गाणी आणि खासगीतले संवाद पटकथेचे. मुलांना दाखवताना एवढं आधी सांगितलं की पुरे.

सोसायटीच्या गच्चीवर माहितीपट दाखवायला ‘८००० लुमेन’चा प्रोजेक्टर आणला. चित्र धुवून काढल्यासारखं फिकं. (विजापूर रोड)

खोक्यावरचा आकडा विसरा. माहितीपत्रकात ‘एएनएसआय लुमेन’, म्हणजे प्रमाणित पद्धतीने मोजलेला उजेड, शोधा. तो आकडाच छापलेला नसेल तर काय समजायचं ते समजा. पडदा ८ फूट रुंद, साडेचार फूट उंच, म्हणजे ३६ चौरस फूट. संपूर्ण अंधारात चौरस फुटाला १६ धरले तर सुमारे ५७६ लुमेन लागतात. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड पडत असेल तर १००० पेक्षा कमी नको. तेवढं नसेल तर चित्राची रुंदी ६ फुटांवर आणा, उजेड पावणेदोन पटीहून जास्त वाढतो.

अंतराचा हिशेब सोपा आहे. प्रोजेक्टरचा थ्रो रेशो, म्हणजे पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी, १.३ असेल तर ८ फुटी चित्रासाठी तो साधारण साडेदहा फुटांवर ठेवा. पडद्यासमोर, सरळ. तिरका ठेवून कीस्टोनने (वाकडी चौकट सरळ करणाऱ्या सेटिंगने) चौकट सुधारली की उजेड आणि रेखीवपणा दोन्ही घटतात. पडद्याला पांढरं, बिननक्षीचं, न चमकणारं कापड घ्या आणि मागे काळं लावा, नाहीतर अर्धा उजेड पलीकडच्या गच्चीला जातो. सोलापुरी चादर अंगावरच बरी, तिची नक्षी प्रत्येक चेहऱ्यावर उमटेल. उन्हाळ्यात सातच्या सुमारास सूर्य मावळला तरी पाऊण तास थांबा.

घरच्या ॲपचं सदस्यत्व सोसायटीला दाखवण्यासाठी चालत नाही, हक्कधारकाची परवानगी घ्यावी लागते. छोटे माहितीपटकार पुष्कळदा एका ईमेलवर होकार देतात, तेव्हा विचारायला लाजू नका. आणि पडद्याच्या खालच्या शिवणीत पाइप घालून तो दोन्ही टोकांना बांधा. गच्चीवरच्या वाऱ्यात मोकळा पडदा शिडासारखा फुगतो.