घरात पाच माणसं, आणि ‘सोबत : कोणी नाही’

“मॅडम, मला दुःखी असायला कारणच नाही,” खुर्चीत बसता बसता तो म्हणाला. “पगार पुण्याचा, घर गावचं. आईच्या हातचं जेवण. पाच मिनिटांवर समुद्र. माझे मित्र रोज तास-दीड तास ट्रॅफिकमध्ये अडकतात आणि तिथूनच फोन करून म्हणतात, तू जिंकलास लेका. मग संध्याकाळ झाली की मला रडू का येतं?”

गेल्या काही वर्षांत दापोलीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न निरनिराळ्या तोंडून आला आहे. घरून काम करणारे आणि त्यांच्या घरचे, दोघेही विचारतात : सगळं मनासारखं झालं, मग माणूस आनंदी का नाही? म्हणून ही एक हकिकत लिहिते आहे. त्याची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नाव देत नाही, नुसतं ‘तो’ म्हणते.

तो गावी राहायला म्हणून आलाच नव्हता. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आलं आणि दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावरच्या वाड्या आडव्या झाल्या. त्यांच्याही पोफळी मधोमध मोडल्या, नारळ मुळासकट उलथले, घराची कौलं उडाली. लॉकडाऊनमध्ये पास काढून तो चार दिवसांसाठी आला, वडिलांबरोबर वाडी साफ केली, नवी रोपं लावली. लाईट यायला बरेच दिवस लागले. ती आल्यावर त्याने पडवीत टेबल टाकून लॅपटॉप उघडला. ऑफिस तेव्हा बंदच होतं. पुढे बायको आणि मुलगीही आल्या. कंपनीने घरून काम चालेल असं लेखी दिलं आणि पुण्यातली भाड्याची जागा सोडली. तेव्हा लावलेल्या पोफळींना आता सुपारी धरू लागली आहे, इतकी वर्षं झाली.

पहिल्या भेटीत मी नेहमीचे प्रश्न विचारले. झोप कशी आहे, भूक लागते का, आवडीच्या गोष्टींत रस उरलाय का, हे किती दिवस चाललंय, जीव नकोसा वाटतो का, स्वतःला संपवायचे विचार येतात का. हा शेवटचा प्रश्न मी प्रत्येकाला सरळ विचारते. विचारल्याने असा विचार डोक्यात शिरत नाही, असलाच तर बोलायला वाट मिळते. त्याला तसं काही वाटत नव्हतं. झोप मोडत होती, पण काम होत होतं, मुलीशी खेळताना हसूही येत होतं. उदासी दोन आठवड्यांहून जास्त, रोज जवळजवळ दिवसभर टिकून असती, जेवणझोप पार बिघडली असती, तर मी त्याला आधी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. आपल्या जिल्ह्यात रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, आणि १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो. तो नंबर मी कागदावर लिहून दिला. तो ‘तेवढं काही नाही’ म्हणाला. तरी ठेवा म्हटलं.

मग त्याने मुद्द्याचं विचारलं. “घरून काम करणारी माणसं जास्त सुखी असतात, असं सगळे सांगतात. ते खरं आहे का?”

अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं भक्कम आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४मध्ये टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार बायकांना आदल्या दिवसाचे तुकडे पाडून लिहायला सांगितलं : काय केलं, सोबत कोण होतं, कसं वाटलं. सगळ्यात तळाशी ज्या गोष्टी आल्या, त्यांत कामावर जायचा-यायचा प्रवास होता. लोकलने किंवा पुण्यात दुचाकीवरून ज्याने वर्षं काढली, त्याला हे वेगळं सांगायला नको. तो प्रवास सुटला की एक खरीखुरी पीडा सुटते.

दुसरा अभ्यास मी त्याला सविस्तर सांगितला, कारण त्यात त्याचीच गोष्ट होती. चीनमधल्या सीट्रिप या प्रवासी कंपनीने स्टॅनफर्ड विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम यांच्यासोबत शांघायच्या कॉल सेंटरमध्ये एक प्रयोग केला. हौसेने तयार झालेल्यांतून निवडलेल्या काहींना नऊ महिने घरून काम दिलं, बाकीचे ऑफिसात राहिले. घरून काम करणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं, नोकरी सोडणारे जवळजवळ निम्म्यावर आले, समाधानही वाढलं. पण प्रयोग संपल्यावर पुन्हा निवडायला सांगितलं, तेव्हा निम्म्याहून अधिकांनी आपली आधीची निवड बदलली. घर सोडून ऑफिसात परतणाऱ्यांची मोठी तक्रार एकटेपणाची होती. आणि सांगताना लोक सहसा गाळतात ते असं, की या माणसांना घरात कामासाठी वेगळी खोली असणं बंधनकारक होतं आणि आठवड्यातला एक दिवस ती ऑफिसात जातच होती.

“पण मी एकटा कुठे आहे?” तो म्हणाला. “घरात आम्ही पाच माणसं आहोत.”

मी ते वाक्य तेव्हा सोडून दिलं. नेहमीचा सल्ला दिला : कामाची वेळ ठरवा, पडवीतून टेबल हलवा, रात्री मेल बघू नका, समुद्रावर चालून या. त्याने सगळं निमूट केलं. झोप सुधारली. संध्याकाळची उदासी होती तिथेच राहिली. हा सल्ला चुकीचा नव्हता, पण माणूस नीट ऐकून घ्यायच्या आधी दिलेला होता आणि त्यात त्याचा महिना गेला, हे मला आजही टोचतं.

तिसऱ्या भेटीआधी मी त्याला टेक्सासमधल्या त्या बायकांसारखी वही लिहायला सांगितली. सात दिवस. किती वाजता, काय करत होतो, सोबत कोण, दहापैकी किती बरं वाटलं.

वही घेऊन आला. मी वाचत गेले. कामाचे तास वाईट नव्हते, सहा-सात गुण. मीटिंगासुद्धा ठीक. सगळ्यात कमी गुण रोज एकाच वेळेला होते, लॅपटॉप मिटल्यानंतरच्या अर्ध्या तासाला. दोन, तीन, एकदा एक. आणि ‘सोबत कोण’च्या रकान्यात सकाळपासून रात्रीपर्यंत एकाखाली एक लिहिलेलं : कोणी नाही. कोणी नाही. कोणी नाही.

घरात पाच माणसं होती.

“हा अर्धा तास कसा असतो ते सांगा ना,” मी म्हटलं.

त्याने सांगितलं. काम संपवून तो बाहेर येतो. बाबा टीव्हीवर बातम्या बघत असतात. आई देवापाशी दिवा लावत असते. बायको स्वयंपाकघरात. मुलगी अभ्यासाला. कोणी मान वर करत नाही. करायचं कारणही नाही, तो तर दिवसभर घरातच होता. तो उंबऱ्यात जरा वेळ उभा राहतो आणि मग काही सुचत नाही म्हणून पुन्हा फोन बघत बसतो.

त्या वहीत एकच संध्याकाळ वेगळी होती. गुरुवारी बँकेच्या कामाला तो दापोलीत आला होता, संध्याकाळच्या एसटीने परत गेला. तिथे आठ गुण होते. बाजूला लिहिलं होतं, ‘आईने विचारलं, आलास? काय आणलंस?’ त्या दिवशी त्याने जेवताना ऑफिसमधल्या एका भांडणाची गोष्ट सगळ्यांना सांगितली होती. ऑफिसचं बोलणं घरात निघायची ती महिन्यातली पहिलीच वेळ.

मी दोन्ही संध्याकाळी त्याच्यासमोर शेजारी शेजारी ठेवल्या. तो बराच वेळ बघत राहिला.

कोकणातल्या माणसाला ‘येणं’ म्हणजे काय ते कळायला पुस्तक लागत नाही. आपली घरं तीन-चार पिढ्या चाकरमान्याची वाट बघत जगली. त्याचे वडील स्वतः तीस वर्षं मुंबईत गावकऱ्यांच्या खोलीत राहिले. गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात यायचे. ते आले की घर जागं व्हायचं, पेटी उघडली जायची, शेजारचे ओटीवर येऊन बसायचे. कामाची माणसाला जी प्रतिष्ठा मिळते, ती आपल्याकडे या येण्यातून मिळत आली आहे. आता हा मुलगा कायमचा घरी आला. आला त्या जूनमध्ये एकदाच आला. त्यानंतर रोज तो घरात असतो, आणि कधीच येत नाही.

चौथ्या भेटीला मी घरच्यांना बोलावलं. आई आली नाही, बाबा आणि बायको आले.

बाबा सुरुवातीला माझ्याशी बोलेनात. मग म्हणाले, “लोक विचारतात, मुलाची नोकरी गेली काय? मी सांगतो, नाही हो, चांगला पगार आहे. पण बघणाऱ्याला काय दिसतं? धडधाकट माणूस दिवसभर पडवीत बसलेला.” मुलगा खाली बघत होता. बाबांच्या बोलण्यात राग नव्हता, त्यांना लाज वाटत होती आणि लाज वाटते याचंच वाईटही वाटत होतं. ते पुढे म्हणाले, “मी गाडीतून उतरायचो तेव्हा हा पाखाडीवरून धावत यायचा. याच्यासाठी कोण धावणार?”

बायको शांतपणे म्हणाली, “मॅडम, पहिल्या वर्षी मी दर तासाला विचारायला जायचे. चहा घेताय का, काय चाललंय. हे कानाला ते लावलेले असायचे आणि एक बोट वर करायचे. थांब म्हणून. सारखं ते बोट बघून मी विचारणंच सोडलं. आमची मुलगी म्हणते, बाबांच्या कानाला ते असलं की बाबा नसतात.”

त्याला त्या बोटाची कल्पनाच नव्हती. घरी जाऊन त्याने आईला विचारलं, ती म्हणाली, हो रे, करतोस की.

आम्ही मिळून काही गोष्टी ठरवल्या. अंगणापलीकडचा गोठा गुरं विकल्यापासून रिकामा होता. बापलेकांनी तो आठवडाभरात दुरुस्त केला : कौलं चाळली, भिंत रंगवली, इन्व्हर्टरची वायर ओढली. पावसात लाईट जायची ती जातेच. घरापासून तिथवर चाळीस पावलं आहेत, पण आता तो कामाला ‘जातो’. कानाचा हेडफोन तिथेच ठेवतो. साडेसहाला गोठ्याचं दार लावतो, पाखाडी उतरून एसटी थांब्याजवळच्या दुकानापर्यंत जातो, दोन माणसांशी बोलतो आणि पुढच्या दाराने घरात येतो. पाय धुतो. आई चहा टाकते. पहिले चार दिवस सगळ्यांनाच हे नाटक वाटलं, आईला तर हसू आवरेना. मी म्हटलं, हसू दे, पण पुढचं दार सोडू नका. दुसऱ्या आठवड्यात मुलगी दारात उभी राहायला लागली, ती दुकानातल्या गोळीसाठी. त्याची मला काही हरकत नव्हती.

आणि महिन्यातला एक आठवडा पुण्याच्या ऑफिसात. प्रवास सहा-सात तासांचा, ताम्हिणीचा घाट पावसात त्रास देतो, खर्चही होतो. त्याने कुरकुर केली. मग मी त्याला त्याच सीट्रिप कंपनीचा पुढचा अभ्यास सांगितला, नेचर या विज्ञान नियतकालिकात २०२४ साली आलेला. १,६१२ कर्मचाऱ्यांपैकी काहींना आठवड्यातले दोन दिवस घरून काम दिलं, बाकीचे पूर्णवेळ ऑफिसात होते. दोन दिवस घरी असणाऱ्यांत नोकरी सोडणारे एक तृतीयांशाने कमी झाले, आणि त्यांच्या कामावर किंवा बढतीवर वाईट परिणाम झाला नाही. पहिल्या प्रयोगात घरून काम करणाऱ्यांना त्यांच्या कामाच्या मानाने बढती कमी मिळाली होती. पुण्यात आपल्याला विसरतील ही भीती त्याला होतीच, ती अगदी निराधार नव्हती.

सगळं सुटलं असं मी म्हणणार नाही. बाबांना अजून कधीकधी लोकांचं बोलणं लागतं. आणि पाचव्या भेटीत बायकोने मला थांबवलं : “यांच्या येण्याजाण्याचं तुम्ही बघितलंत. मी पुण्यात शाळेत शिकवत होते. माझं येणं कोण बघणार?” मला तेव्हा लगेच उत्तर देता आलं नाही. नवऱ्याला घरून काम मिळालं म्हणून बायकोचं बाहेरचं काम सुटलं, अशी घरं मी किती पाहिली आहेत, आणि त्या घरांत सुख कोणाचं मोजायचं हे आधी विचारायला हवं. मग दोन भेटी तिच्याच झाल्या. आता ती आठवड्यातून तीन दिवस दापोलीत एका क्लासमध्ये गणित शिकवते. त्या दिवशी संध्याकाळी मुलीचा अभ्यास आणि कुकर त्याच्याकडे असतो. ती आली की तो विचारतो, कसा गेला दिवस. आधी त्याला हे विचारायची आठवण ठेवावी लागायची, असं तिनेच सांगितलं.

श्रावण संपता संपता त्याचा फोन आला. पुण्याला गेला होता. म्हणाला, या वेळी आठवडा मुद्दाम असा धरलाय, की गणपतीच्या आदल्या दिवशी निघता येईल. जादा गाडीचं तिकीट मिळालं होतं, अगदी मागची सीट, घाटात हाडं खिळखिळी होणार. आईने फोनवर यादी दिली होती : कापूर, अगरबत्त्या, पेढे, बाबांसाठी नवी छत्री. मखराचं सामान मुलीने वेगळं सांगितलं होतं.

“बाबांनी काल विचारलं,” तो म्हणाला, “गाडी थांब्यावर किती वाजता येते रे?”